लंडनमधील व्याख्याने, हेरिटेज वॉक आणि चाकोरीबाहेरच्या फेऱ्या : निवड कशी करावी?

आगंतुक

कार्यालयीन कामानिमित्त ऑगस्टअखेरीपासून काही महिने लंडनमध्ये राहण्याचा योग आहे. टॉवर ब्रिज, ब्रिटिश म्युझियम, ग्रिनिच ही ठिकाणे पूर्वीच्या धावत्या भेटीत पाहून झाली आहेत, त्यामुळे या खेपेस संध्याकाळी सार्वजनिक व्याख्याने ऐकावीत आणि सुटीच्या दिवशी जाणकाराबरोबर पायी हिंडावे, असा विचार आहे. मात्र जाहिराती इतक्या आहेत की त्यांतून निवड करणेच कठीण झाले आहे. ही व्याख्याने बाहेरच्या माणसाला खुली असतात का, हेरिटेज वॉकचा मार्गदर्शक खरोखर अभ्यासू आहे हे आधी कसे ओळखावे, आणि पर्यटकांच्या यादीत सहसा नसणारे असे काय पाहावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. विज्ञानाचा आणि सार्वजनिक आरोग्याचा इतिहास हे माझ्या विशेष आवडीचे विषय आहेत.

शेवटची रांग

व्याख्यानांपुरते सांगतो. सुरुवात ग्रेशॅम कॉलेजपासून करावी. सर टॉमस ग्रेशॅम यांच्या मृत्युपत्रातील तरतुदीनुसार 1597 मध्ये सुरू झालेली ही संस्था ना विद्यार्थी भरती करते, ना पदवी देते. लोकांसाठी विनामूल्य व्याख्याने देणे हेच तिचे काम आहे. क्रिस्टोफर रेन येथे खगोलशास्त्राचे प्राध्यापक होते, रॉबर्ट हूक भूमितीचे, आणि 1660 मध्ये रेन यांच्या एका व्याख्यानानंतर जमलेल्या मंडळींच्या बैठकीतूनच पुढे रॉयल सोसायटी उभी राहिली. होबर्नजवळच्या बार्नार्ड्स इन हॉलमध्ये आजही व्याख्याने होतात. सभागृह लहान असल्याने नाव आधी नोंदवावे लागते.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची जाहीर व्याख्यानेही बहुतेक विनामूल्य आणि सर्वांना खुली असतात. ॲल्बमार्ल स्ट्रीटवरील रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तिकीट पडते, पण मायकेल फॅरेडे ज्या सभागृहात बोलत त्याच सभागृहात बसून विज्ञान ऐकण्यासाठी ते एकदा तरी काढावे. तळघरातील फॅरेडे संग्रहालय पाहायला मात्र पैसे लागत नाहीत. तेथील नाताळची व्याख्याने 1825 पासून चालत आलेली आहेत. त्यांची तिकिटे सहजी मिळतील या भरवशावर राहू नये.

एक व्यवहाराची गोष्ट. विनामूल्य कार्यक्रमाला नाव नोंदवून न येणारे लोक पुष्कळ असतात, त्यामुळे नोंदणी संपली असे दिसले तरी आयोजकांना विचारून पाहावे. ऐन वेळी जागा मिळण्याची शक्यता असते.

नळकोंडाळे

आपण सार्वजनिक आरोग्याचा उल्लेख केलात म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. माझ्या मते व्याख्याने वेगळी, फेऱ्या वेगळ्या आणि 'अनोखी ठिकाणे' वेगळी, अशी विभागणी करण्यापेक्षा एक विषय धरावा आणि त्याच्या मागे शहरभर जावे. पाणी हा विषय घेतला, तर लंडन त्यासाठी अतिशय सोयीचे आहे.

सोहोमधील ब्रॉडविक स्ट्रीट म्हणजे पूर्वीची ब्रॉड स्ट्रीट. 1854 च्या पटकीच्या साथीत या परिसरात सहाशेवर माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर चौकशी करून मृत्यूंचा संबंध एका सार्वजनिक पंपाशी जोडला, आणि 8 सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर ओसरू लागलीच होती, हेही प्रामाणिकपणे सांगणारा मार्गदर्शक मिळाला तर तो चांगला समजावा. जवळच्या दारूभट्टीतले कामगार बचावले, कारण ते पंपाचे पाणी क्वचितच पीत. आज तेथे बिनदांड्याच्या पंपाची प्रतिकृती आहे, आणि शेजारच्या मद्यगृहाला स्नो यांचे नाव आहे. हे गृहस्थ आयुष्याचा बराच काळ मद्यापासून दूर राहिले होते, ही त्यातली गंमत.

आपण सप्टेंबरमध्ये तेथे असाल. जॉन स्नो सोसायटीचे वार्षिक 'पंपहँडल' व्याख्यान सहसा त्याच महिन्यात लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये होते. त्या इमारतीच्या सज्जांवर डास, पिसू, उंदीर अशा रोगवाहक प्राण्यांच्या सोनेरी आकृत्या बसवलेल्या आहेत, त्यासाठी आत शिरण्यापूर्वी मान वर करून पाहावे.

त्यानंतर टेम्सच्या काठाने व्हिक्टोरिया एम्बँकमेंटवर चालावे. आपण ज्या रुंद रस्त्यावरून चालतो त्याच्या पोटात मोठी गटारवाहिनी आहे, हे ठाऊक असले की तो रस्ता निराळाच दिसू लागतो. 1858 च्या उन्हाळ्यात नदीच्या दुर्गंधीने संसदेचे कामकाज अवघड झाले, तेव्हा कुठे अभियंता जोसेफ बॅझलगेट यांच्या गटारयोजनेला पैसा मिळाला. त्यांनी सुमारे 132 किलोमीटर लांबीच्या मुख्य वाहिन्या बांधून सांडपाणी शहराच्या पूर्वेला वळवले. हंगरफोर्ड पुलाजवळ त्यांचा छोटासा अर्धपुतळा आहे, तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. या साखळीचे शेवटचे टोक म्हणजे क्रॉसनेसचे उपसा केंद्र. 1865 मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात वाफेवर चालणारी चार प्रचंड इंजिने आहेत, त्यांपैकी 'प्रिन्स कन्सॉर्ट' स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे खपून पुन्हा चालते केले. आतले रंगवलेले ओतीव लोखंडी नक्षीकाम पाहिल्यावर, मैला उपसण्याच्या जागेवर कुणी एवढी हौस का केली असेल, हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

ओहोटी

मार्गदर्शकाची पारख करण्याबद्दल. 'ब्लू बॅज' हा तेथील प्रशिक्षित मार्गदर्शकांचा मान्यताप्राप्त बिल्ला असून त्यासाठी बराच अभ्यास आणि परीक्षा द्यावी लागते. वेस्टमिन्स्टर ॲबीसारख्या वास्तूच्या आत समूह नेण्याची मुभा बाहेरच्या मार्गदर्शकांपैकी याच मंडळींना असते. 'सिटी' या जुन्या भागासाठी वेगळे पात्र मार्गदर्शक आहेत. 'मोफत' म्हणवणाऱ्या फेऱ्यांत अखेरीस बक्षिसी अपेक्षित असते, आणि ती चांगली मिळावी म्हणून किस्से फुगवण्याचा मोह होतो. अर्थात बिल्ला नसलेलेही काही जण उत्तम बोलतात, पण अनोळखी शहरात बिल्ला पाहणे सोपे.

जॅक द रिपरच्या रात्रीच्या फेऱ्यांना मी तरी जाऊ नये असेच म्हणेन. 1888 मध्ये ज्या पाच स्त्रियांचे खून त्याच्या नावावर सांगितले जातात, त्यांच्या आयुष्याविषयी, त्या काळच्या निवाऱ्यांविषयी आणि मजुरीविषयी बोलणाऱ्या थोड्या फेऱ्या आहेत. बाकीच्या केवळ रक्ताचा बाजार मांडतात. त्याच परिसरात ब्रिक लेनवर एक इमारत आहे. 1743 मध्ये ती फ्रान्समधून परागंदा झालेल्या ह्यूगनॉट (प्रोटेस्टंट) लोकांचे प्रार्थनागृह म्हणून बांधली गेली, पुढे मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाकडे गेली, 1898 मध्ये ज्यूंचे सिनेगॉग झाली आणि 1976 पासून ती मशीद आहे. त्या भागाची फेरी घ्यायचीच असेल, तर ही इमारत समजावून सांगणारी घ्यावी.

टेम्सच्या ओहोटीत उघड्या पडणाऱ्या काठावर जुन्या वस्तू शोधण्याची कल्पना अनेकांना भुरळ घालते. त्यासाठी पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीचा परवाना आवश्यक आहे. परवान्याशिवाय खापराचा तुकडासुद्धा उचलू नये. भरती-ओहोटीतला फरक लंडन ब्रिजपाशी सात मीटरपर्यंत जातो आणि पाणी वेगाने चढते, म्हणून केवळ चालायला उतरतानाही वेळापत्रक पाहावे.

निळी पाटी

वरील प्रतिसादाशी मी अंशतः असहमत आहे. मार्गदर्शकावाचून फिरण्याची उत्तम सोय लंडनने 1866 पासून, म्हणजे नामवंतांच्या घरांवर स्मृतिपाट्या लावण्याची योजना सुरू झाली तेव्हापासून, भिंतींवरच करून ठेवली आहे. मराठी माणसाने हायगेटला 65 क्रॉमवेल ॲव्हेन्यू येथील 'इंडिया हाऊस'समोर जावे. तेथे विनायक दामोदर सावरकरांच्या नावाची निळी पाटी आहे, पण घर खाजगी असल्याने रस्त्यावरूनच पाहावे. प्रिमरोझ हिलजवळ 10 किंग हेन्रीज रोड या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते विकत घेऊन तेथे स्मारक केले आहे आणि ते आतून पाहता येते. याच धाग्यात ओल्ड बेली न्यायालय जोडता येईल, जेथे 1909 मध्ये मदनलाल धिंग्रा यांच्यावर खटला चालला. तेथील प्रेक्षक सज्जात बसून चालू खटला विनामूल्य ऐकता येतो. फोन आणि पिशवी आत नेऊ देत नाहीत, आणि ठेवून घेण्याची सोयही तेथे नाही, एवढे ध्यानात असू द्यावे.

सप्टेंबरमधला 'ओपन हाऊस' हा उत्सव मात्र चुकवू नये. 1992 पासून चालत आलेल्या या उपक्रमात एरवी बंद असणाऱ्या शेकडो इमारती लोकांना विनामूल्य पाहू देतात. फार मागणी असलेल्या जागांसाठी सोडत असते; तिच्या मागे लागण्यापेक्षा जेथे वास्तुरचनाकार स्वतः हजर राहून घर दाखवतो, अशी लहान ठिकाणे निवडावीत.

आगंतुक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाण्याचा धागा धरून सुरुवात करीन असे म्हणतो. क्रॉसनेसला कोणत्याही रविवारी जाता येते का, आणि तेथे पोहोचावे कसे?

नळकोंडाळे

नाही, ते जाहीर केलेल्या मोजक्या दिवशीच उघडते, आणि इंजिन वाफेवर चालवण्याचे दिवस त्याहूनही कमी असतात. त्यामुळे संस्थेच्या संकेतस्थळावर तारीख पाहून आधी ती राखून ठेवावी आणि बाकीचा कार्यक्रम तिच्याभोवती बसवावा. एलिझाबेथ लाइनने ॲबी वुडला उतरावे; तेथून पुढे बरेच चालणे आहे. शेजारी आजचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र चालू असते, तेव्हा डबा बरोबर नेणार असाल तर तो गाडीतच संपवलेला बरा.