हलक्या काँक्रीटला खडी बारीकच हवी का?

भेगशोधक: माझं मत सरळ आहे. हलक्या काँक्रीटमध्ये दगडाऐवजी भट्टीत फुगवलेल्या मातीचे पोकळ दाणे खडी म्हणून घालतात; ताकद हवी असेल तर त्यातली २० मिमी खडी विसरा, १० च्या वर जाऊच नका. साध्या काँक्रीटमध्ये भेग खडीला वळसा घालते, कारण तिथे खडी मसाल्यापेक्षा, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणापेक्षा, दणकट. इथे उलट, भेग दाण्यातून आरपार जाते. ताकद तपासताना दाबून फोडलेला क्यूब, म्हणजे काँक्रीटचा ठोकळा, बघा, दाणे चक्क दुभंगलेले दिसतात. त्यात ११००-१२०० अंशांच्या भट्टीत फुगलेला मोठा दाणा सहसा आतून जास्त पोकळ. सिमेंट वाढवत गेलात तरी एका टप्प्यानंतर ताकद अडते, कारण दाणाच आधी मान टाकतो. तो टप्पा वर सरकवायचा एक खात्रीचा उपाय म्हणजे लहान खडी.

घनतावादी: बारीक दाणा मजबूत का? तो जड असतो म्हणून! ही करामत आकाराची नाही, घनतेची. शिवाय खडी लहान केली की पृष्ठफळ वाढतं, मसाला जास्त लागतो, आणि या मिश्रणात सगळ्यात वजनदार तोच. जादा सिमेंटचं आकुंचन आणि उष्णता वेगळीच. ताकदच हवी तर हलक्या बारीक मालाऐवजी नदीची वाळू घाला, तीही वाढवते. वजनासकट. मग हलकं काँक्रीट कशाला म्हणायचं?

भेगशोधक: वजन थोडं वाढू दे की. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शिकेत स्ट्रक्चरल, म्हणजे भार घेणाऱ्या, हलक्या काँक्रीटची घनता ११२० ते १९२० किलो प्रति घनमीटर धरली आहे आणि २८ दिवसांची ताकद किमान १७ मेगापास्कल. एवढ्या मोठ्या पट्ट्यात जागा भरपूर आहे. आणि तरंगण्याचं काय? माल हलवून दाबून बसवायला व्हायब्रेटर लावला की मोठे हलके दाणे वर येतात. द्रवात कण किती वेगाने वर-खाली जातो हे सांगणाऱ्या स्टोक्सच्या नियमाने व्यास दुप्पट तर वेग चौपट. मसाला काही पाण्यासारखा वागत नाही, पण कल तोच. वर नुसती खडी, खाली नुसता मसाला, असा स्लॅब कोणाला हवाय?

भट्टीकर: मध्येच बोलतो. मोठे गोळे फोडून केलेली १० मिमी आणि भट्टीतूनच तेवढी निघालेली १० मिमी, या दोन्हींना तुम्ही एकाच नावाने हाक मारताय. फोडली की बाहेरचं कडक कवच जातं, छिद्रं उघडी पडतात, खडी पाणी पिते आणि माल हातातच घट्ट होतो. आधी नीट भिजवली नाही तर क्यूबचा निकाल आकाराबद्दल काहीच सांगत नाही. भिजवलेली असेल तर तेच पाणी नंतर आतून क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवून पक्कं व्हायला, उपयोगी पडतं, हा फायदाही कोणी मोजत नाही.

घनतावादी: तरंगण्याचा मुद्दा मान्य, तो खरा आकाराचाच. पण त्यावर कमी पातळ माल आणि कमी व्हायब्रेशन हा इलाजही आहे. आणि नुसत्या उष्णतारोधक थरासाठी १० मिमीचा हट्ट कशाला? तिथे मोठी, पोकळ खडीच कामाची.

भेगशोधक: तिथे वाद नाही. मी भार घेणाऱ्या तुळईबद्दल बोलतोय.

घनतावादी: मग १० आणि २० मिमीच्या दोन्ही क्यूबची ओव्हनमध्ये वाळवून मोजलेली घनता ताकदीशेजारी लिहा. ती सारखी निघाली आणि तरीही बारीक खडीवाला जिंकला, तर मी १० मिमीवाला.