शाळेतली स्पीच थेरपी दुय्यम असते का?

बोलकी_सॅक्रामेंटो
भारतात बीएएसएलपी (श्रवण आणि वाचा-उपचाराची पदवी) करून इथे अमेरिकेत मास्टर्सला आलेल्या मुली नेहमी विचारतात की नोकरी शाळेत घेऊ की हॉस्पिटलात, आणि आपल्यातलेच सिनियर लोक सांगतात की उन्हाळ्याची सुट्टी हवी असेल तरच शाळेत जा, खरी थेरपी तिथे होत नाही. मला हे अजिबात पटत नाही. मी कॅलिफोर्नियात सरकारी शाळांत स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे स्पीच थेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलांचे आईवडील शेतात नाहीतर गोदामात राबतात, दुपारी चारला क्लिनिकची वेळ घेणं त्यांना जमणारच नाही. दिव्यांग मुलांच्या शिक्षणाच्या १९७५ च्या कायद्याआधी अशा लाखो मुलांना शाळा सरळ दारातून परत पाठवायच्या, आज ३ ते २१ वयापर्यंत जी मुलं पात्र ठरतात त्यांना थेरपी फुकट द्यावीच लागते. आणि मला मूल वर्गात दिसतं हो! माझ्या खोलीत सगळी चित्रं बरोबर ओळखणारा मुलगा वर्गात बाईंना "मला गणित कळलं नाही" एवढं सांगू शकत नाही, हे क्लिनिकच्या चार भिंतींत कसं कळणार?

माझी तक्रार वेगळी आहे. केसलोड, म्हणजे एका थेरपिस्टकडे किती मुलं, हा डोकी मोजून ठरतो. आमच्याकडे सरासरी ५५ ची मर्यादा आहे, बालवाडीच्या वयाला ४०, आणि बऱ्याच राज्यांत तर मर्यादाच नाही. फक्त र चा उच्चार सुधारायचा असलेलं मूल पण एक, आणि बोलणाऱ्या टॅबलेटवर संवाद करणारं मूल पण एकच! त्या दुसऱ्यासाठी टॅबलेटवर शब्द भरा, शिक्षकांना शिकवा, घरच्यांना शिकवा, हा वेळ कोणी धरतच नाही. डोकी नाही, काम मोजा.

शिकागोची_माई
मी शाळा सोडून हॉस्पिटलात आले, त्यामुळे विरोधातच लिहिणार. अर्ध्या तासाच्या सेशनला चार मुलं, त्यातली पाच मिनिटं त्यांना वर्गातून आणण्यात, मग फायर ड्रिल, मग परीक्षा, एकेका मुलाच्या तोंडून शब्द निघतात तरी किती? अ‍ॅप्रॅक्सियाच्या मुलाला (उच्चाराच्या हालचाली मेंदूला जुळवता येत नाहीत असा दोष) तोच उच्चार पुन्हा पुन्हा, आठवड्यातून अनेकदा, एकट्याला करून घ्यावा लागतो, गटात बसवून ते होत नाही म्हणजे नाही. वर प्रत्येक सेशनची मेडिकेडची (गरिबांच्या सरकारी विम्याची) नोंद, दरवर्षी आयईपी (त्या मुलाची लेखी शिक्षण-योजना), तीन वर्षांनी फेरतपासणी. शिकलो काय आणि करतोय काय असं व्हायचं.

बोलकी_सॅक्रामेंटो
माई, अ‍ॅप्रॅक्सियाचं शंभर टक्के मान्य. पण मग आयईपीत एकट्याची थेरपी लिहायला कोणी अडवलंय? सेवा मुलाच्या गरजेवरून ठरवायची असते, आपल्या टाइमटेबलवरून नाही. २०१७ मध्ये एंड्र्यू एफ या विद्यार्थ्याच्या खटल्यात इथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की नावापुरती प्रगती पुरेशी नाही. टाइमटेबलात जागा नाही म्हणून चौघांना एकत्र बसवणं हे डिस्ट्रिक्टचं (इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाचं) पाप आहे, शाळेत थेरपी होत नाही याचा पुरावा नाही. आणि इन्शुरन्सवाले वर्षाला मोजून व्हिजिट देतात, त्या संपल्या की तुमचं मूल कुठे जातं?

एडिसनचा_बाबा
मी पालक आहे, थोडं कडवट लिहितोय. मुलगी दुसरीत, स बोलताना जीभ दातांच्या बाहेर येते. शाळा म्हणाली मार्क चांगले आहेत म्हणजे शिक्षणावर परिणाम नाही, म्हणून थेरपी नाही. ती वर्गात हात वर करायची बंद झाली हे कोणाला दिसलं नाही. शेवटी खिशातून पैसे घालून क्लिनिक लावलं. कुठे गेला तो फुकटचा हक्क?

बोलकी_सॅक्रामेंटो
दादा, शाळेचं चुकलं. शिक्षणावर परिणाम म्हणजे फक्त मार्क नाहीत हे केंद्राच्या शिक्षण खात्याने २००७ मध्येच लेखी स्पष्ट केलंय. तपासणीची मागणी लेखी द्या, तोंडी नको. नकार द्यायचा तर त्यांना तोही कारणासकट लेखीच द्यावा लागतो. हात वर न करणं हाच मुद्दा अर्जात लिहा.

फ्रीमाँटकर_आई
आमचं उलटंच झालं. आम्ही घरी मराठीच बोलतो, मुलगा टेबलचा ट आपल्यासारखा बोलतो आणि वेस्ट-व्हेस्ट एकच म्हणतो तर शिक्षिकेने थेट स्पीचला पाठवा म्हणून चिठ्ठी दिली. मी घाबरून घरात मराठी बंद करायला निघाले होते. शाळेतल्या थेरपिस्टने आधी मराठीत गोष्ट सांगायला लावली, मी दुभाषी झाले, आणि तिने सांगितलं की हा दोष नाहीच, घरची भाषा आहे, चालू ठेवा.

बोलकी_सॅक्रामेंटो
अगदी बरोबर केलं तिने! शक्य तिथे मुलाच्या भाषेतच तपासायचं असा कायदाच आहे. अडचण दोन्ही भाषांत दिसली तरच दोष धरायचा. म्हणूनच तर आपल्या मुली शाळांत हव्यात.

केंद्रशाळा_विशेष_शिक्षक
मी इकडे महाराष्ट्रात समावेशित शिक्षणात काम करतो. तुम्ही ५५ वर भांडताय, भांडा, पण आमच्याकडे एका माणसाकडे कितीतरी शाळा असतात आणि स्पीच थेरपिस्ट गाठायला जिल्ह्याच्या गावी जावं लागतं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकारांत वाचा-भाषा दोष आहे, आरबीएसकेचं (मुलांच्या सरकारी आरोग्य तपासणी योजनेचं) पथक शाळेत येऊन तपासतं, चिठ्ठी देतं. पुढे? आईची एका दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं वेगळं, एकदा जाते, दुसऱ्यांदा नाही. मुलाला थेरपीपर्यंत न्यायचं की थेरपी मुलापर्यंत आणायची, याचं उत्तर आमच्या तालुक्यात केव्हाच मिळालंय. पण माईंच्या बोलण्यावरून वाटतं तसं फक्त थेरपिस्टनेच करायचं असेल तर आमच्या मुलांना काहीच मिळणार नाही. वर्गशिक्षकाला दोन गोष्टी शिकवाव्याच लागतात, मुलाला उत्तरासाठी थांबून वेळ द्या, अडखळला तर वाक्य आपण पूर्ण करू नका.

शिकागोची_माई
सर, तुमच्या परिस्थितीत मी पण तेच करीन. माझा आक्षेप इथल्या डिस्ट्रिक्टना आहे. शिक्षकाला शिकवा हे सांगत ते थेरपिस्टची पदं कमी करतात. विशेष शिक्षणाच्या जादा खर्चाचा ४० टक्के वाटा केंद्र उचलेल असं ठरलं होतं, आजवर एकदाही पूर्ण दिलेला नाही, आणि ती भरपाई थेरपिस्टच्या संध्याकाळी आणि शनिवार-रविवार खाऊन होते. म्हणून नव्या मुलींना मी अजूनही पहिल्या वर्षी शाळा घेऊ नका असंच सांगेन.

बोलकी_सॅक्रामेंटो
पैशाचं बोललात ते खरं आहे. पण पहिल्या वर्षी नकोच असं सरसकट मी सांगणार नाही. फेलोशिपचे (मास्टर्सनंतर सुपरवायझरच्या देखरेखीखाली करायच्या कामाचे) १२६० तास शाळेतही पूर्ण होतात. फक्त इंटरव्ह्यूत पगाराआधी विचारा: शाळा किती, वर्षाला तपासण्या किती, रिपोर्टसाठी टाइमटेबलात राखीव वेळ आहे का, आणि सुपरवायझर त्याच बिल्डिंगमध्ये बसते की फक्त फोनवर. शेवटच्या दोन प्रश्नांना गोलमोल उत्तर मिळालं तर ती नोकरी सोडा आणि दुसऱ्या डिस्ट्रिक्टला अर्ज करा.