बुरशी लागलेला मका वाळवून दुभत्या गायींना घालावा का?

प्रश्न
साठवलेल्या मक्याच्या थप्पीत खालच्या गोण्यांना ओल लागली आणि काही दाण्यांच्या टोकाला हिरवट-पिवळी बुरशी दिसू लागली. तसे दाणे निवडून काढले आणि उरलेला मका उन्हात खणखणीत वाळवला. आता त्याला कुबट वासही येत नाही. हा मका भरडून दुभत्या गायींच्या खुराकात घालण्यास हरकत आहे काय? विष शोषणारी पावडर मिसळली की धोका टळतो, असे सांगितले जाते. त्यात कितपत तथ्य आहे?

प्रतिसाद १
कृपया तूर्त घालू नका. वाळवल्याने बुरशीची वाढ थांबते, पण तिने दाण्यात आधीच सोडलेले विष तसेच राहते आणि खुराक उकळून दिल्यानेही ते पुरते नष्ट होत नाही. हिरवट-पिवळी बुरशी बहुधा अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस असते व तिचे विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. बुरशी दिसली म्हणजे विष असेलच असे नाही. मात्र बुरशी दिसत नाही म्हणून विषही नाही, असे धरून चालणे फार धोक्याचे आहे.

या विषाचा शोधच मुळी पशुखाद्यातून लागला. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगाने दगावले आणि त्याचे मूळ ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत सापडले. गायीचे तसे होत नाही. ती वरून धडधाकट दिसत राहते आणि तिच्या यकृतात अफ्लाटॉक्सिनच्या बी१ या प्रकाराचे एम१ या दुसऱ्या विषारी प्रकारात रूपांतर होऊन ते दुधात उतरते: पोटात गेलेल्या बी१ पैकी साधारण १ ते २ टक्के, तर भरपूर दूध देणाऱ्या गायींत ६ टक्क्यांपर्यंतही. दूध तापवून हे विष जात नाही, आणि ते दूध लहान मुले रोज पितात, म्हणून मी इतक्या आग्रहाने सांगत आहे.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे. निर्णय प्रयोगशाळेच्या तपासणीवरच घ्यावा. मात्र एका गोणीतला मूठभर मका पाठवून मिळालेल्या अहवालावर विसंबू नये. विष सगळ्या दाण्यांत सारखे पसरलेले नसते. मोजक्याच दाण्यांत ते अतोनात असते आणि शेजारचे दाणे स्वच्छ निघतात. त्यामुळे प्रत्येक गोणीच्या तळातून, मधून आणि वरून थोडा थोडा मका काढावा, तो सगळा एकत्र दळून नीट कालवावा आणि मगच त्यातला नमुना द्यावा. अतिनील दिव्याखाली भरडलेल्या मक्यात दिसणारी हिरवट-पिवळी चमक हा केवळ संशयाला आधार असतो, पुरावा नव्हे. ती चमक अफ्लाटॉक्सिनची नसते.

मक्यात फ्युझेरियम या दुसऱ्या बुरशीचे फ्युमोनिसिन हे विषही आढळते. गायी ते बऱ्यापैकी सोसतात, परंतु घोड्यांच्या मेंदूला आणि डुकरांच्या फुप्फुसांना त्याने गंभीर इजा होते. तोच भरडा या जनावरांनाही जाणार असेल, तर त्याचीही तपासणी सांगावी.

प्रतिसाद ३
पावडरीविषयी लिहितो. बेंटोनाइटसारखी माती अफ्लाटॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवते, त्यामुळे दुधातले एम१ कमी होते. ते शून्यावर मात्र येत नाही, आणि सगळ्याच मातींचा गुण सारखा नसतो. फ्युझेरियमच्या काही विषांवर, विशेषतः गहू-बार्लीत आढळणाऱ्या डीऑक्सिनिव्हॅलेनॉलवर, ती जवळजवळ निष्प्रभ ठरते.

चांगला मका मिसळून प्रमाण खाली आणण्याचाही विचार करू नका. त्याने चांगला मकाही हातचा जातो, आणि युरोपीय संघात अशी भेसळ कायद्यानेच वर्ज्य आहे. दुभत्या गायींच्या खाद्यासाठी तिथली मर्यादा किलोमागे ५ मायक्रोग्रॅम, तर अमेरिकेत २० मायक्रोग्रॅम आहे. अहवालातला आकडा यांच्याशी ताडून पाहा. हा मका आधीच गायींच्या पोटात गेला असेल, तर खाद्य बदलल्यानंतर एम१ काही दिवसांत उतरते; दूध तपासून घेईपर्यंत ते कोणालाही देऊ नये.