सौरपंप घ्यावा की विजेच्या कनेक्शनची वाट पाहावी?

पऱ्हाटीवाला, आर्णी (जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. साडेचार एकर वावर आहे, कपाशीत तूर आणि विहिरीच्या भरवशावर थोडा चणा. विजेच्या कनेक्शनचे पैसे भरून ठेवलेत, पण खांब अजून वावरापर्यंत आले नाहीत. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत ५ एचपी बसतो, आपला वाटा १० टक्के. बाबा म्हणतात, काचेचा भरवसा काय, एक गारपीट झाली की सगळं गेलं. आणि आभाळ आलं तर पाणी कुठून द्यायचं? मोबाईलवर रोज वाचतो की सारं जग सोलरकडे चाललंय. जगाचं जग जाणे, आपल्या उन्हात, आपल्या वावरात हे चालतं का? ज्यांच्याकडे लागलंय त्यांनीच सांगावं.

धुऱ्यावरचा, दारव्हा

भाऊ, घेऊन टाक. रातच्या लाइनीत चण्याले पाणी द्यायले जाणं म्हंजे जीव मुठीत घेऊन जाणं. डुकरं, साप, वरून थंडी. पोराले बॅटरी धरून धुऱ्यावर उभं ठेवा लागे. आता सकाळी नऊले पंप सुरू अन् चारच्या आत ओलीत खतम. माय रात्री झोपते तरी. एकच सांगतो, बिघाड झाला तं कंपनीचा माणूस लवकर येत नाही. घाटे भरतानी माह्या कंट्रोलर (पंप चालवणारा डबा) बंद पडला, माणूस येईपर्यंत अर्धा चणा सुकला. तक्रार नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नको.

संत्र्याची बाग, मोर्शी

दादा, तुमच्या बाबांची शंका रास्त आहे, म्हणून आधी काचेचं सांगते. पॅनलची काच कडक केलेली असते. बाजारात यायच्या आधी २५ मिलिमीटरचा बर्फाचा गोळा ताशी ८० किलोमीटरहून जास्त वेगाने तिच्यावर मारून पाहतात. आमच्याकडची गार कधी लिंबाएवढी पडते, तेव्हा काही फुटू शकतं. त्यासाठी योजनेत पाच वर्षं विमा आणि दुरुस्ती आहे, ते कागद जपून ठेवा.

गारेपेक्षा मला उन्हाचं सांगायचंय. आपल्याला वाटतं जितकं ऊन जास्त तितकी वीज जास्त. तसं नाही. पॅनलवर लिहिलेले वॅट २५ अंशाला मोजलेले असतात. मे महिन्यात आमच्या पॅनलला हात लावता येत नाही, काच साठ-पासष्ट अंशांवर जाते आणि प्रत्येक अंशामागे वीज साधारण ०.४ टक्के घटते. म्हणजे ५ एचपीचे ४८०० वॅटचे पॅनल भर दुपारी तेवढे देतच नाहीत. हिवाळ्याच्या स्वच्छ उन्हात पाण्याची धार चांगली पडते, आणि चण्याला पाणी तेव्हाच लागतं. धूळ पहाटे पुसायची, तापलेल्या काचेवर दुपारी थंड पाणी टाकायचं नाही. पावसाळ्यात खंड पडला आणि आभाळही असलं तर धार बारीक होते, पण ठिबक असेल तर तेवढ्यातही भागतं.

जग सोलरकडे का चाललं, तर स्वस्त झालं म्हणून. २००० मध्ये जर्मनीने कायदा करून सौर विजेला वीस वर्षं ठरलेला भाव दिला, तिथून मागणी वाढली. पुढे चीनने प्रचंड कारखाने उभारले. आज जगातले ८० टक्क्यांहून जास्त पॅनल चीनमध्ये बनतात. पाकिस्तानात ग्रिडची, म्हणजे खांबावरच्या तारांतून येणारी वीज महागली, तेव्हा २०२४ या एका वर्षात लोकांनी जवळपास १७ गिगावॅटचे (एक गिगावॅट म्हणजे शंभर कोटी वॅट) पॅनल मागवले. त्यात शेतकरीही मोठ्या संख्येने आहेत.

पण येमेनचंही ऐका. तिथे २०१५ च्या युद्धात डिझेल मिळेनासं झालं आणि शेतकऱ्यांनी विहिरींवर पॅनल बसवले. पिकं वाचली. पण पंप चालवायला पैसेच लागेनात, म्हणून उपसा बेसुमार वाढला आणि भूजल आणखी खाली गेलं. हे वाचून माझ्या पोटात गोळा येतो, कारण मी मोर्शीची आहे. वरुड-मोर्शी आधीच डार्क झोन, म्हणजे भूजलाचा अतिउपसा झालेला भाग. बोअर शेकडो फूट खाली गेल्या, आणि डोळ्यांदेखत संत्र्याच्या बागा वाळल्या, लोकांनी हाताने वाढवलेली झाडं कुऱ्हाडीने तोडली. इथे फुकटच्या उन्हावर दिवसभर पाणी उपसलं तर उरेल काय?

यावर उपाय गुजरातने दाखवला आहे. खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात २०१६ मध्ये शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली, पॅनल ग्रिडला जोडले आणि उरलेली वीज वीज कंपनीला विकली. पाणी वाचवलं तर पैसे मिळतात, मग कोण उगाच उपसेल? आपल्या पंपाला तारच नाही, त्यामुळे कपाशीच्या पावसाळ्यात पॅनल नुसते उभे असतात. मला हे फार खुपतं. सरकारने मागेल त्याला पंप दिला, आता मागेल त्याला ही जोडणीही द्यावी. तोवर युनिव्हर्सल कंट्रोलर, म्हणजे पॅनलच्या विजेवर पंपाशिवाय दुसरी यंत्रंही चालवणारा, मिळतो का ते विचारा. आमच्या शेजाऱ्यांकडे आहे, त्यावर कडबाकुट्टी चालते.

पऱ्हाटीवाला, आर्णी

ताई, बाबांना काचेचं वाचून दाखवलं. आता विचारतात, अर्ज भरायच्या आधी काय पाहायचं?

संत्र्याची बाग, मोर्शी

ठिबकचे पैसे आधी बाजूला काढा. पंप हेडप्रमाणे, म्हणजे पाणी किती उंच चढवायचं त्याप्रमाणे येतो, ५ एचपीतही ५०, ७०, १०० मीटर असे प्रकार आहेत, तेव्हा खोली अंदाजाने सांगू नका. सर्व्हेचा माणूस येईल त्या दिवशी बाबांना घेऊन वावरात हजर राहा. पॅनल कुठे बसवायचे ते त्याच्यावर सोडू नका, तो गाडी जाईल तिथे खुणा करून मोकळा होतो. एका फांदीची सावली पडली तरी अख्ख्या ओळीची वीज घटते. विहिरीच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला कडुनिंब, बाभूळ आहे का? आणि पाणी किती फुटांवर असतं ते मे महिन्यातलं सांगा, आत्ताचं नको.