रँडी ट्रॅव्हिसचा पहिला अल्बम: सुरुवात कुठल्या गाण्यापासून करू?

शार्लटकर: नमस्कार मंडळी. नॉर्थ कॅरोलायनात आल्यापासून ऑफिसातले लोक मागे लागलेत, की कंट्री गायक रँडी ट्रॅव्हिस इथल्या मार्शव्हिलचा, ऐकच. त्याचा पहिला अल्बम 'स्टॉर्म्स ऑफ लाइफ' लावला. आवाज छान आहे, पण गाणी सगळी एकाच वळणाची वाटली. या अल्बमचं एवढं कौतुक का?

मंद्रसप्तक: शार्लटकर, 'डिगिन अप बोन्स'पासून सुरू करा आणि ते रात्री ऐका. बायको सोडून गेलीय, नवरा तिचा फोटो टेबलावर ठेवून पहाटेपर्यंत त्याच्याशी बोलत बसलाय, जुनी पत्रं वाचतोय. एवढं दुःख, पण गायक कुठेही गळा काढत नाही. ओळ संपताना आवाज सावकाश खाली उतरतो आणि तिथेच थांबतो. मागे स्टील गिटारची मींड ऐका, ती रडायचं काम करते. मला हे गाणं अजूनही कामं करता करता ऐकवत नाही, बसूनच ऐकावं लागतं.

कौतुकाचं म्हणाल तर काळ बघा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नॅशव्हिलमध्ये, म्हणजे कंट्री संगीताच्या माहेरघरी, गुळगुळीत, पॉपच्या अंगाने जाणाऱ्या गाण्यांची चलती होती. रँडी तिथल्या 'नॅशव्हिल पॅलेस' या क्लबमध्ये स्वयंपाकघरात राबायचा आणि तिथेच स्टेजवर गायचा. रेकॉर्ड कंपन्यांनी त्याला नाकारलं, का तर फारच 'कंट्री' आहे म्हणून! शेवटी वॉर्नर ब्रदर्सने घेतलं. १९८५ साली 'ऑन दि अदर हँड' हे गाणं आलं आणि लोकप्रिय कंट्री गाण्यांच्या यादीत ६७व्या क्रमांकावर अडकलं. मोह पडलेल्या नवऱ्याला बोटातली अंगठी आठवते, एवढीच गोष्ट. पुढचं '१९८२' नावाचं गाणं चाललं, तेव्हा कंपनीने 'ऑन दि अदर हँड' पुन्हा बाजारात आणलं आणि १९८६च्या उन्हाळ्यात ते पहिल्या क्रमांकावर गेलं. गाण्यात एका अक्षराचा फरक नव्हता. लोकांना हेच हवं होतं, विकणाऱ्यांना ते कळत नव्हतं, असं माझं ठाम मत आहे.

जुनी_तबकडी: एक भर. त्याआधी 'रँडी रे' या नावाने त्याची पॅलेसमधल्या कार्यक्रमाची एक रेकॉर्ड निघाली होती. पण मोठ्या कंपनीचा पहिला अल्बम हाच. आणि '१९८२' मुळात '१९६२' होतं! रँडीचा जन्म १९५९चा, तीन वर्षांचं पोर कुठलं प्रेम आठवणार? म्हणून साल बदललं.

शार्लटकर: मंद्रसप्तक, आभार. यातली त्याने स्वतः लिहिलेली कुठली?

मंद्रसप्तक: 'सेंड माय बॉडी' आणि 'रीझन्स आय चीट'. दुसरं आधी ऐका. थकलेल्या माणसाची कबुली आहे, आणि गाणारा तेव्हा जेमतेम पंचविशी ओलांडलेला, हे ध्यानात ठेवून ऐका. अख्खा अल्बम अर्ध्या तासाच्या आसपास संपतो. आवडलाच तर पुढे १९८७चा 'ऑलवेज अँड फॉरएव्हर' घ्या.