लेकरू दवाखान्यात ॲडमिट असताना आईबापानं काय बघावं? (अनुभव धागा)

गोदाकाठ: उद्या १७ सप्टेंबर. आपल्याकडं मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन, अन् जागतिक रुग्ण सुरक्षा दिनही हाच. २०२५ला त्याचा विषय नवजात बाळं अन् लहान लेकरंच होता. त्यावरून वॉर्ड आठवला. जाणत्यांनी लिहा.
माझ्याकडून वजन. लेकराचा डोस किलोवर निघतो. वजन आजचं, कपडे उतरवून केलेलं, अन् कागदावर तोच आकडा आहे का बघा. १२चे २१ झाले तर औषध पावणेदोन पट जातं.

लातूरची सिस्टर: सलाईन!! थेंब पडायलेत म्हणजे सुई शिरेतच आहे असं नाही. दर तासाला दोन्ही हात शेजारी धरून बघा. सुईचा हात फुगला, गार पडला, कातडी ताणून चकाकायली, की लगेच हाक मारा. नळीवरच्या, थेंब कमीजास्त करायच्या चाकीला हात लावू नका.
मनगटातला काळा दोरा अन् मनगट्या आधीच काढा माय. सूज चढली की दोरा कातडीत रुततो, वर पट्टी असली तर दिसतबी नाही.

बीडचा फार्मासिस्ट: पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स १ मिलीत १०० मिग्रॅ, सिरप ५ मिलीत १२० नाहीतर २५०. १५० मिग्रॅ द्यायचे तर ड्रॉप्सचे दीड मिली, २५०च्या सिरपचे ३ मिली. "३ मिली पाजलं" एवढ्यानं काहीच कळत नाही. बाटली सोबत आणा, किती वाजता दिलं तेबी सांगा, नाहीतर वरून दुसरा डोस पडतो.

कळंबची मावशी: बाळगुटी दिली असंल तर लपवू नका.

सिस्टर: मावशी 🙏 हेच कुणी सांगत नाही. अन् इंजेक्शन कशाचं, हे विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. विचाराच.

औंढेकर: एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या खास कक्षात) आईला आत घेतात का? पुतणीचं बाळ ८ दिवसांचं.

गोदाकाठ: काळजी करू नका ताई. आईबापाला शिकवून देखभालीत घ्या, अशा केंद्राच्या २०१७च्या सूचनाच आहेत. सिस्टरला विचारा. अंगठ्या-बांगड्या काढून कोपरापर्यंत हात धुवायचे. कांगारू पद्धतीत बाळ छातीला उघडं धरायचं, एका वेळी निदान तासभर.

परभणी: रक्त चढवताना पहिली १५ मिनिटं लेकरापासून हलू नका. हुडहुडी, अंगावर गांधी, धाप दिसली की हाक.

औंढेकर: आत्ताच बोलावलं तिला. मोबाईल नेऊ द्यायचा का?

सिस्टर: बाहेरच ठेवा. स्क्रीनला बोट लागलं की हात पुन्हा धुवावे लागतात.