शब्दचर्चा: ‘मधले नाव’ म्हणजे नक्की कोणाचे?

प्रश्न: सभासदांची यादी एक्सेलमध्ये आहे, पूर्ण नाव एकाच रकान्यात. त्याचे तीन रकाने करायचे आहेत. मराठी मथळे ‘पहिले नाव’, ‘मधले नाव’, ‘आडनाव’ असे चालतील का?

उत्तर: आडनाव ठेवा, बाकीचे दोन बदला. ‘पहिले’ आणि ‘मधले’ हे शब्द फक्त जागा सांगतात आणि आपल्याकडे जागा ठरलेली नसते. आपण बोलताना ‘सचिन रमेश तेंडुलकर’ म्हणतो, हजेरीपटावर तेच ‘तेंडुलकर सचिन रमेश’ होते. एक्सेलच्या फाइंड (FIND) सूत्राने पहिली मोकळी जागा शोधली आणि लेफ्ट (LEFT) सूत्राने तिच्याआधीचा मजकूर उचलला, की हजेरीपटाच्या क्रमात ‘पहिले नाव’ म्हणून तेंडुलकर येणार. सूत्र चोख चालले तरी माहिती चुकलीच. ‘स्वतःचे नाव’ आणि ‘वडिलांचे/पतीचे नाव’ असे मथळे द्या, म्हणजे यादी भरणाराही क्रम तपासून घेतो.

‘मधले’ तर आता आणखीच अपुरे पडते. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदीत स्वतःचे, आईचे, वडिलांचे नाव आणि मग आडनाव असा क्रम आहे. मधे दोन नावे! शिवाय ‘शेवटचा शब्द ते आडनाव’ हा नियम विश्वनाथन आनंदला लावला तर घोटाळा होतो; विश्वनाथन हे त्याच्या वडिलांचे नाव, आनंद त्याचे स्वतःचे.

दुसरे उत्तर: मथळ्यांबद्दल सहमत. ‘आद्याक्षर’ असा रकाना करणार असाल तर त्यातही जपा. धोंडो केशव कर्वे यांचे आपण ‘धों. के. कर्वे’ लिहितो. लेफ्टला एक अक्षर मागितले तर तो नुसता ‘ध’ देतो, कारण संगणकाच्या हिशेबी ध, ओकार आणि अनुस्वार ही तीन वेगळी चिन्हे. ‘श्री’ची तर चार. मराठीत अक्षर म्हणजे मात्रा-वेलांटीसकट अख्खे अक्षर, आणि माणसाच्या नावाची मात्रा गळणे मला तरी खपत नाही. यादी लहान असेल तर हा रकाना हाताने भरा. मोठी असेल आणि जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर तिच्यातला मजकुराची अखंड अक्षरे पाडणारा सेगमेंटर (Intl.Segmenter) वापरा, तो ‘धों’ अखंड ठेवतो.

आणि मूळ ‘पूर्ण नाव’ हा रकाना पुसू नका. पत्रावर, ओळखपत्रावर तोच छापा.